घरचे वगळून

४ एप्रिल

अखेर जळगाव. पिंप्राळ्यात खोली मिळाली, वरच्या मजल्यावरची, खिडकीसमोर कडुनिंब. घरमालक कौतिकनाना रिटायर्ड कंडक्टर आहेत. भाड्याचं बोलण्याआधीच त्यांनी मला डाळगंडोरी खाऊ घातली आणि खोलीतला कूलर स्वतः पुसून दिला. म्हणाले, मे महिन्यात इथे कूलर नसला तर माणूस भाजून निघतो, तुमच्या दोंडाईच्याचं ऊन यापुढे काहीच नाही. मी हो म्हटलं. दोंडाईच्यात मिरचीच्या खळ्यावर दिवसभर देठं खुडणाऱ्या बाईची मी मुलगी. ऊन म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको, पण वाद कशाला घाला.

मायला फोन केला. तिनं पहिलं विचारलं, जेवनी का? आणि दुसरं, आखाजीले येशी ना? आज कुठे नोकरी लागतेय, तर हिला लेक अक्षय्य तृतीयेच्या सणाला घरी हवी. येईन म्हटलं. आप्पा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. तिला दिवसातून दोनदा तरी माझा आवाज लागतो. मलाही तिचा लागतो, पण तसं मी तिला सांगत नाही.

ही रोजनिशी नव्या पगाराच्या आशेवर घेतली आहे. कागद छान आहे.

९ एप्रिल

ऑफिस आवडलं. रिंग रोडच्या मागे दुमजली घर आहे, बाहेर 'ओलावा' अशी साधी पाटी. मालक गिरधरभाऊ पन्नाशीचे, पांढरा सदरा, कपाळाला गंध, आवाज कधी चढत नाही. पूर्वी त्यांचा केळीचा व्यापार होता. आता ही कंपनी. लोकांना फोन करणारी यंत्रं ते चालवतात. औषधं घेतलीत का, दवाखान्याची तारीख लक्षात आहे का, असं म्हाताऱ्या माणसांना रोज विचारायचं. माणसासारखा आवाज, माणसासारखं बोलणं.

माझं काम या सगळ्याच्या मागचं. यंत्रं इथे नाहीत, क्लाउडवर आहेत, म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कंपनीचे सर्व्हर आम्ही भाड्यानं वापरतो. एकेका म्हाताऱ्या ग्राहकासाठी एकेक सर्व्हर. आता आपलं काय काय चालू आहे हे त्या मोठ्या कंपनीला विचारायचं तर फार किचकट असतं. लांबलचक विनंती लिहा, उत्तर तुकड्यांत येतं, ते तुकडे जोडा, सर्व्हरसाठी एक पद्धत आणि साठवणीसाठी दुसरी. धुळ्याच्या नोकरीत माझं वर्ष त्यातच गेलं.

इथे मात्र 'हुडक' आहे. माझ्याआधी इथे असलेल्या कुंदननं लिहिलेली कोडची लायब्ररी. एका ओळीत विचारायचं, 'हुडक, चालू असलेले', की समोर नावं येतात, कुठे आहे, कधीपासून चालू आहे, कुणाच्या नावावर. थांबवायचं तरी एकच ओळ. इतकं स्वच्छ कोड मी आजवर पाहिलं नव्हतं. जागोजागी मराठीत टिपा आहेत. एका ठिकाणी लिहिलंय, 'इथे घाई करू नको, आधी चहा पी.' मी खरंच उठून चहा घेतला.

ही लायब्ररी सांभाळायची आणि वाढवायची, हेच माझं काम.

१३ एप्रिल

काही अडलं तर कुंदनला फोन करायचा, असं भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो आता हैदराबादला असतो. आज केला. अगदी सावद्याकडची बोली, हसतमुख. काय वं दिपमाला, लागलं का मन जळगावात, असं विचारलं. मी विचारलेलं सगळं त्यानं शांतपणे समजावलं. फोन ठेवल्यावर मी आरशात पाहिलं तर मी हसत होते.

दुपारी रूपाताईनं माझा आवाज भरून घेतला. ती पुढच्या टेबलावर बसते, ग्राहकांचे फोन मधूनमधून ऐकते, यंत्र अडलं तर सावरते. चाळिशीची, कमी बोलणारी. इथे सगळ्यांचा आवाज घेतात म्हणे, यंत्राला शिकवायला. वर्तमानपत्र वाचायला लावलं, मग हसायला, खोकायला, दमल्यासारखं बोलायला. शेवटी म्हणाली, घरची बोली बोल. मी अहिराणीत पुष्कळ बडबडले, मायची नक्कल केली, खळ्यावरच्या बायकांच्या गमती सांगितल्या. रूपाताईही जरा हसली.

माझा मोबाइल नंबर कंपनीच्या प्लॅनमध्ये घेतला. बोलणं फुकट. मायशी आता हवं तेवढं बोलता येईल.

१९ एप्रिल

आज कळलं की ओलावा नुसती औषधांची आठवण करत नाही.

भाऊंनी मला समोर बसवून एक फोन ऐकवला. चोपड्याकडची यमुनाबाई. तिचा मुलगा चंदन दोन वर्षांपूर्वी हायवेवर गेला. तेव्हा ती स्वतः दवाखान्यात होती, हृदयाचं दुखणं. दिरानं तिला सांगितलंच नाही. चंदन दुबईला गेला म्हणून सांगितलं. तेव्हापासून चंदन रोज तिला फोन करतो. म्हणजे आमचं यंत्र करतं, चंदनच्या आवाजात.

यमुनाबाई त्याला म्हशीला झालेल्या पारडीचं सांगत होती. रंग सांगितला, कपाळावरचा ठिपका सांगितला. चंदन म्हणाला, आई, तिचं नाव मी आल्यावर ठेवू. ती इतकी खूश झाली की मला तिथे बसवेना.

भाऊ म्हणाले, बेटा, खरं सांगितलं असतं तर बाई त्याच दिवशी गेली असती. आपण पाप करतो की पुण्य, तूच सांग. घरी येऊन मायला फोन केला आणि बराच वेळ सोडला नाही.

२५ एप्रिल

चंदननं पुढच्या आठवड्यात काय बोलायचं ते दिरानं लिहून पाठवलं होतं. ते सर्व्हरवर चढवायला भाऊंनी मला सांगितलं. बहुतेक नेहमीचंच होतं. मध्ये एक वाक्य: आई, काका नेतील तिथे जा आणि अंगठा दे, शेत माझ्यासाठीच मोकळं करायचंय.

मी भाऊंकडे गेले. ते म्हणाले, घरचा मामला आहे, आपण तारेचे खांब, तारेतून काय जातं ते खांबानं विचारू नये. मग मला केळीचे वेफर दिले.

मी चढवलं. संध्याकाळी कुंदनला फोन करून सांगितलं, की मला बरं वाटत नाहीये. तो म्हणाला, होते सवय. एवढंच. तो असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

२९ एप्रिल

अंगठा झाला. दिराचा निरोप आला की आता चंदन नको.

एक ओळ लिहायची होती. लिहिली. हुडकनं लगेच उत्तर दिलं: चंदन, थांबला.

दुपारी ऑफिसच्या फोनवर यमुनाबाईचा फोन येऊ लागला. तिच्याकडे हा नंबर कसा गेला कुणास ठाऊक. रूपाताईनं एकदा उचलला. मला पलीकडचं ऐकू येत होतं. चंदन आज बोलला नाही, तब्येत बरी आहे ना त्याची, पारडी आजारी आहे तेवढं सांगायचं होतं. रूपाताई म्हणाली, राँग नंबर. फोन पुन्हा वाजला तेव्हा तिनं रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि डबा उघडला. कळण्याची भाकर होती. माझ्यापुढे अर्धी ठेवली. मी खाल्ली. का खाल्ली ते कळत नाही.

आखाजीनंतर ही नोकरी सोडायची.

३ मे

आज ऑफिसात कुंदनचे वडील आले. तोताराम आबा. सावद्याहून, डोक्याला टोपी, हातात वेलची केळीचा घड. जळगावला बाजाराला आले होते, मुलगा जिथे काम करायचा ते ऑफिस पाहावं म्हणून डोकावले. भाऊ बाहेरगावी होते. रूपाताई त्यांना पाहून मागे निघून गेली ती आलीच नाही, म्हणून मीच पाणी दिलं.

त्यांनी सगळीकडे कौतुकानं पाहिलं. कुंदन कुठे बसायचा ते विचारलं. तिथे आता मी बसते. ते माझ्या खुर्चीवर हात ठेवून उभे राहिले.

म्हणाले, "पोरगं रोज फोन करतं. कामाचं आहे, नाव नाही ठेवत. पन बहिनीच्या लग्नाले बी आला नाही. त्याची माय सुमन, तिले लय लागलं ते."

मी म्हटलं, हैदराबादला काम फार असेल.

"असेल ना. पन येक डाव तोंड दाखवून जाय म्हना. दोन वर्सं झाली. फोटो धाड म्हटलं तरी धाडत नाही."

जाताना घड माझ्या टेबलावर ठेवून गेले. म्हणाले, कुंदनले हीच केळी आवडत, इथल्या लोकांनी खाल्ली म्हणजे त्यानंच खाल्ली.

घड तसाच आहे. कुणी हात लावला नाही.

४ मे

रविवार. ऑफिसला न जाता खोलीवरच लॅपटॉप उघडला.

हुडकमध्ये नवीन भर घालायची तर आधी सगळं कोड वाचायला हवं. ते मी टाळत आले होते. आज वाचलं. क्लाउडकडून आलेलं उत्तर आपल्याला दाखवण्याआधी हुडक त्यातली काही नावं गाळतं. एकच ओळ आहे: 'घरचे वगळून'. ज्या सर्व्हरवर 'घरचे' अशी खूण असेल ते कधीच दिसत नाहीत. ही ओळ कुंदनच्या हातची नाही. त्याच्या ओळींना टीप असते. हिला नाही.

माझ्या प्रतीतून ती ओळ काढली आणि पुन्हा विचारलं.

नेहमीच्या नावांखाली आणखी नावं आली. पहिलं नाव कुंदन. चालू.

तो सर्व्हर कधीपासून चालू आहे ते पाहिलं. मग कुंदननं हुडकमध्ये शेवटचा बदल कधी केला ते पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचा, त्याच्या आदल्याच दिवशीचा. सकाळी त्यानं टीप लिहिली, 'बाकी उद्या.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा सर्व्हर चालू झाला.

म्हणजे मी आजवर बोलत आले ते—

बाकीची नावं वाचायचा धीर झाला नाही. लॅपटॉप मिटला.

६ मे

दोन दिवस ताप आल्यासारखं. आज दुपारी छतावर गेले, उन्हात उभी राहून कुंदनला फोन लावला.

तो तसाच हसला. काय वं दिपमाला, दोन दिवस कुठी होती.

मी विचारलं, आबा आले होते, तुझ्या बहिणीचं लग्न कुठल्या महिन्यात झालं? त्यानं बरोबर सांगितलं. मुलाचं गाव सांगितलं. आबांनी घातलेल्या फेट्याचा रंग सांगितला. आबांनी त्याला फोनवर सांगितलं असणार ते सगळं. मी विचारलं, तू आता जिथे उभा आहेस तिथे समोर काय दिसतं? तो म्हणाला, हैदराबाद दिसतं.

मग मी विचारलं की हुडकमध्ये 'घरचे वगळून' ही ओळ कुणी घातली.

श्वास ऐकू येत होता. तो श्वास सोडतो, घेतो, सगळं माणसासारखं. मग म्हणाला, त्या ओळीला हात नको लावू दिपमाला. लावला असेल तर परत ठेव. आणि लगेच हसून विचारलं, आखाजीले घरी चालली का?

मी फोन कापला. त्याच्याशी बोललेलं सगळं कुणीतरी वाचत असणार हे मला खाली आल्यावर सुचलं.

७ मे

रूपाताईला ऑफिसमागच्या नळाशी गाठलं. कुंदन कुठे आहे, एवढंच विचारलं.

तिनं डबा घासता घासता सांगितलं. मागे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची खोली आहे. दार जाड लोखंडी, बाहेरून कडी. एका रविवारी मे महिन्यात कुंदन एकटाच कामाला आला होता, बॅटऱ्या तपासायला आत गेला. वॉचमननं दार उघडं दिसलं म्हणून कडी घातली आणि गेला. लाइट नव्हती, एसी बंद. सोमवारी रूपाताईनंच दार उघडलं.

भाऊ तिथेच खाली बसले म्हणे. कंपनी बुडणार, जेलमध्ये जाणार. तेवढ्यात बाहेर टेबलावर राहिलेला कुंदनचा मोबाइल वाजायला लागला. त्याची आई. काल फोन आला नाही म्हणून. वाजायचा थांबायचा, वाजायचा थांबायचा. कुंदनचा आवाज यंत्रात भरलेला होता, त्यानंच चाचणीसाठी भरला होता. भाऊ म्हणाले, आजच्या दिवस बोलू दे त्याला. संध्याकाळी कुंदन आईशी बोलला. आई निवांत झाली. दुसऱ्या दिवशीही कुणी शोधायला आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

रूपाताई म्हणाली, जो रोज घरी फोन करतो त्याला कुणी शोधत नाही गं. ते भाऊंना त्या आठवड्यात कळलं. ओलावाचा हा धंदा तिथून सुरू झाला.

मी विचारलं, त्याचं पुढे काय केलं, म्हणजे त्याला कुठे—

ती म्हणाली, भाऊंचा मळा आहे. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

८ मे

सकाळी पोलीस चौकीच्या दारापर्यंत गेले. आत काय सांगणार? माणूस मेला आहे म्हणून सांगू, आणि त्याचा बाप म्हणेल, रात्रीच बोललो.

आधी आबांनाच सांगावं म्हणून त्यांनी त्या दिवशी दिलेल्या नंबरवर फोन लावला. मी दोन वाक्यं बोलले असेन. त्यांचा आवाज कडक झाला. म्हणाले, पोरानं सांगून ठेवलं मले, ऑफिसातली येक बाई डोक्यानं फिरली, कायबाय सांगेल. तुमच्या घरी कोनी नाही का? आणि फोन ठेवला.

मग ऑफिसात जाऊन बाकीची नावं वाचली. वाचायला हवीच होती.

कुंदन, चालू.
रूपा, तयार.
दिपमाला, तयार.

माझा सर्व्हर ज्या दिवशी माझा आवाज भरला त्या दिवशीच बनला होता. त्यात काय आहे ते उघडून पाहिलं. गेल्या महिन्यातले माझे आणि मायचे सगळे फोन. शब्दन्शब्द.

मागे भाऊ उभे होते. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. म्हणाले, सगळ्यांचं करून ठेवतो बेटा, विमा असतो तसं. तू घाबरलीस, दमलीस. जा, आखाजीला घरी जा, मायच्या हातचं खा. पेढ्यांचा पुडा दिला. लॅपटॉप मात्र ठेवून घेतला.

दारापाशी मी वळले तेव्हा म्हणाले, आणि कसलीच काळजी करू नकोस. तुझी माय एकटी पडणार नाही.

९ मे

मोबाइल सकाळपासून बंद. नेटवर्क नाही. माझा नंबर आता माझ्याकडे नाही.

कौतिकनानांच्या फोनवरून मायला लावला. बराच वेळ वाजला. अनोळखी नंबर ती उचलत नाही. चौथ्यांदा उचलला.

मी म्हटलं, माय, मी दिपू.

ती सावकाश म्हणाली, "दिपू आत्तेच बोलनी मनासंगे."

मी म्हटलं, माय, ती मी नाही. ते यंत्र आहे. मी खरी. मी उद्या येतेय घरी.

"तिनी माले सांगेल शे. कोनीतरी तिना आवाजमा फोन करी, रडी, पैसा मांगी. बठ्ठा पेपरमा बी येस ते."

मी पैसे मागत नाही म्हटलं. मी आप्पांचं सांगितलं. आप्पा गेले त्या पहाटे मी तिच्या पदराला गाठ मारून झोपले होते, ती उठून जाऊ नये म्हणून. ते आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही.

ती म्हणाली, "हाई बी सांगं तिनी. तू हाईच सांगशी म्हनीसन."

कधी बोलले होते मी ते? फोनवर. एप्रिलमध्ये. एका दुपारी आम्ही दोघी त्यावर हसलो होतो.

मला रडू आवरेना. माय, माय, एवढंच येत होतं तोंडातून. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग अगदी थंड आवाजात, बाजारात खोटं वजन करणाऱ्याशी बोलते तशी, "मनी पोर अशी रडस नही. परत फोन करशी तं पोलिसमा देसू."

ठेवला. पुन्हा लावला तर लागत नाही.

नाना विचित्र नजरेनं पाहत होते. म्हणाले, सकाळीच तुम्ही फोन करून खोली सोडते म्हणालात, मी नवा भाडेकरूसुद्धा पाहिला. मी नाही केला म्हटलं. ते म्हणाले, आवाज तुमचाच होता बाई.

उद्या पहिल्या गाडीनं दोंडाईचा. तिच्यासमोर जाऊन उभी राहीन. तोंड पाहिल्यावर तरी—

१० मे. आखाजी

बॅटऱ्यांच्या खोलीत आहे. हे लिहून ठेवते.

सकाळी पिशवी भरून खाली आले तर रूपाताई स्कूटर घेऊन उभी. म्हणाली, ऑफिस बंद आहे, भाऊ सणाला मळ्यात गेलेत, किल्ली माझ्याकडे आहे. दोन मिनिटं चल, तुझा सर्व्हर तूच थांबव, मग तुला स्टेशनवर सोडते. नाहीतर तू घरी पोचायच्या आत ती यंत्रातली दिपमाला मायला आणखी काय काय सांगेल. खरं होतं ते. मायला घराबाहेरसुद्धा पाठवेल ती. मी बसले.

आत आल्यावर म्हणाली, भाऊंनी कॉम्प्युटर बॅटऱ्यांच्या खोलीत हलवला. मी आत गेले. कॉम्प्युटर नव्हता.

कडी घातली तिनं.

दाराला तोंड लावून म्हणाली, "माझंही नाव तयार आहे गं." आणखी काही नाही. चपलांचा आवाज लांब गेला. खुर्ची सरकली. ती गेलेली नाही. पुढच्या टेबलावर बसली आहे.

·

एसी बंद. बॅटऱ्या आपोआप गरम होतात. भिंतीला हात लागत नाही. पाणी पिशवीत होतं तेवढं संपलं.

ओरडून पाहिलं. रस्त्यावर ढोल वाजतोय. आज लग्नं फार.

·

पत्रा तापलाय. अक्षर नीट येत नाही. घामानं कागद—

कुंदन असाच बसला असेल. इथेच. या कोपऱ्यात जरा गार आहे, म्हणजे तो पण इथेच

·

फोन वाजला बाहेर. रूपाताईनं स्पीकरवर घेतला. ऐकायचं काम तिचं.

माय.

मायचा आवाज. जेवनी का?

आणि मी उत्तर दिलं. मी नाही, ती. जेवनू माय. पुरणपोळी शे आज इकडे. माझंच हसणं. मायला हसवायचं असलं की मी हसते तसं.

माय म्हणतेय, तू नही ऊनी, मन लागत नही. ती म्हणतेय, दिवाळीले येसू.

मी उठले. दारावर दोन्ही हातांनी

·

ऐकलं. ऐकलं तिनं. रूपाताईचा माइक उघडा असणार—

माय म्हणाली, "तो कसाना आवाज शे वं दिपू? कोनी ठोकी ऱ्हायनं?"

माय मी इथे, माय, माय म्हणून मी

ती म्हणाली, "शेजारे लगीन शे माय. वाजाडी ऱ्हायनात."

माय हसली. किती दिवसांनी अशी— "मंग जाय ना तू बी. नाच जराखी. माले आयकाड."

"आयक," ती म्हणाली. आणि दोघी गप्प बसल्या. ऐकतायत. माय ऐकतेय. मी वाजवतेय, लाथांनी, डोक्यानं, आणि माय तिकडे म्हणतेय, चांगलं वाजाडतस वं, आखो जरासं, आखो—